सिमेंटचे फ्लेमिंगो सुखरूप

नवी मुंबईला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणायचं ठरलं तेव्हा पक्ष्यांना कुणी विचारलं नव्हतं. शहराने मात्र हौस पुरेपूर फेडली: चौकात पुतळे, भिंतींवर चित्रं. हे फ्लेमिंगो गुणी असतात. शेवाळ मागत नाहीत, पाणी मागत नाहीत, आणि बिल्डरच्या माहितीपत्रकातही एका पायावर बिनतक्रार उभे राहतात.

खरे फ्लेमिंगो त्रासदायक. ओहोटीला ते ठाणे खाडीच्या चिखलात चरतात. भरतीने चिखल बुडाला की उठतात आणि नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर येऊन बसतात. डीपीएस, एनआरआय, टीएस चाणक्य ही त्या तळ्यांची नावं. पाणी ओसरलं की पुन्हा खाडी. थोडक्यात, स्वयंपाकघर खाडीत आणि निजायची खोली नेरूळला. आपण २०१५ मध्ये खाडीतलं सुमारे १,६९० हेक्टरांचं अभयारण्य जाहीर केलं, २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळवला, आणि निजायच्या खोलीत गोल्फ कोर्स नि इमारती आखल्या! २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेत हाणून पाडला. अधिवास कुठे आहे हे शोधायला कोट्यवधींचा अहवाल लागत नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि एक दुर्बीण पुरते. पण सात-बारावर भरतीचा रकाना नसतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तलाव कोरडा पडला. खाडीचं पाणी आत येण्याची वाट बुजलेली होती. तळ्यावर पक्षी मेले. त्याआधी काही जण नेरूळ जेट्टीच्या रस्त्यावरच्या भल्यामोठ्या फलकावर आदळून मेले होते. (फलक नंतर काढला. आपल्याकडे फलक काढणं तळं भरण्यापेक्षा सोपं.) त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरवर विमानाची धडक बसून तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले, तेव्हा मात्र सगळे दचकले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) अभ्यासक आधीपासून सांगत होते की नेरूळची तळी गेली तर पक्षी नवी मुंबईच्या नव्या विमानतळाकडे सरकतील. आता तो विमानतळही सुरू झाला आहे. तेव्हा पक्ष्यांवरचं प्रेम राहू द्या, निदान खिडकीजवळच्या सीटसाठी तरी तळी राखा.

मग समिती बसली, आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएसच्या सुमारे ३० एकरांना संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. छान झालं. पण दर्जा कागदाला मिळतो, पाणी नळकांड्यांतून यावं लागतं. शिवाय शेजारची एनआरआय आणि चाणक्यची तळी त्या मंजुरीत नव्हती. पक्ष्यांनी बहुधा अर्ज भरला नसावा.

सीवूड्सकरांनो, येत्या पौर्णिमेच्या भरतीला तलावाकाठी एक फेरी मारा. पाणी आत येतंय का ते बघा. येत नसेल तर त्याच दिवशी वनखात्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. पुतळ्यासोबतचा सेल्फी नंतर.