डबल बेल

वृद्धाश्रमात नोकरी लागली तेव्हा आईने गावात सांगून टाकलं, "पोरगा पुण्यात मेडिकल लायनीला लागलाय." ते अगदीच खोटं नव्हतं. डायपर मेडिकलमध्येच मिळतात.

जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स मी रीतसर पास झालो होतो. माणसाला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यावं, झोपलेल्या माणसाखालची चादर कशी बदलावी, दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा कशा होतात, हे सगळं आम्हाला एका रबरी बाहुल्यावर शिकवलं. त्या बाहुल्यात एकच खोट होती. तो कधी "आज नको" म्हणाला नाही.

ते काम ट्रेझरीवाल्या आजींनी केलं. आजींची सगळी नोकरी कोषागारात गेलेली. कुणाचं बिल आक्षेपाशिवाय पुढे सरकू दिलं, असं पाप त्यांच्या हातून कधी घडलं नाही.

"आजी, अंघोळीची वेळ झाली."

"कुणी ठरवली?"

"वेळापत्रकात आहे."

"दाखव. ...यावर सही कुठाय?"

मी मॅनेजरांची सही आणली. मग शिक्का आणला. मग कळलं की सोमवारी डोक्यावरून नको, मंगळवारी गुडघा दुखतो आणि गुरुवारी उपास असतो. उपासाचा आणि अंघोळीचा संबंध काय, असं विचारल्यावर "तू अजून लहान आहेस" एवढाच खुलासा झाला. शेवटी तोडगा निघाला. अंघोळ करायची, पण वेळ आजी सांगणार. वेळापत्रकात अकरा होते, आजींनी साडेअकरा सांगितले. त्या अर्ध्या तासावर आमचा जो तह झाला, तो आजतागायत टिकून आहे.

पुरुषांच्या बाजूला एसटीचे कंडक्टर आजोबा. सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी आठवत नाही, पण स्वारगेट ते महाड सगळे थांबे तोंडपाठ. पहाटे वॉकर घेऊन दाराशी उभे : "डेपोत जायचंय, पहिली गाडी माझी आहे." अशा वेळी "आजोबा, तुम्ही रिटायर झालात" असं सांगणं म्हणजे त्यांना रोज पहाटे नव्याने नोकरीवरून काढणं. त्यापेक्षा मी प्रवासी झालो. बाथरूमला न्यायचं तर ते पलंगावरून हलायचे नाहीत. एकदा मी तोंडानेच "टिंग टिंग" केलं आणि गाडी निघाली. डबल बेल निघायची, सिंगल बेल थांबायची. कमोडपाशी "टिंग" म्हटलं की आजोबा अचूक थांबतात. आमच्या सिस्टर फार कडक. पहिल्यांदा हे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. आता माझ्या सुट्टीच्या दिवशी त्याही टिंग टिंग करतात.

पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, तिच्यात आपण होतो, असा आजोबांचा दावा आहे. जेवणाच्या टेबलावर ट्रेझरीवाल्या आजींनी आक्षेप काढला, "तुमचा जन्म चाळीस सालचा. आठ वर्षांचे असताना कंडक्टर होतात काय?" आजोबा शांतपणे म्हणाले, "हाफ तिकिटात होतो." आजींचा आक्षेप त्यांच्याच तोंडावर निकाली निघाल्याची ही एकमेव नोंद.

नोंदींवरून आठवलं, गुरुजी. गुरुजी अंथरुणाला खिळलेले. रात्री त्यांची कूस बदलायची आणि वहीत लिहायचं. मी लिहिलं : 'रुग्णाला डाव्या कुशिवर वळविन्यात आले.' सकाळी गुरुजींनी वही मागवली, लाल पेन मागवलं, आणि थरथरत्या हाताने दहापैकी चार गुण दिले. पुढच्या रात्री दोन वाजता मी त्यांना अलगद वळवलं. वाटलं, झोपेतच आहेत. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "कुशीवर. दीर्घ." स्वतःची कूस बदलता न येणाऱ्या माणसाने माझं शुद्धलेखन मात्र बदललं.

या माणसांचं घर गेलं, कपाटाच्या किल्ल्या गेल्या. काय जेवायचं ते आचारी ठरवतो, कधी झोपायचं ते दिव्याचं बटण. हातात उरतो तो एक 'नको'. आणि आपण 'तुमच्या भल्यासाठीच' म्हणत तोही काढून घ्यायला निघतो. त्यांचा 'नको' पुरता ऐकून घेतला, की बहुतेक वेळा त्याच्यामागे अर्ध्या तासाची सवलत किंवा एक डबल बेल एवढीच मागणी असते.

ही मागणी १ ऑक्टोबरला मात्र कुणी ऐकत नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली हा दिवस ज्येष्ठांच्या नावे केला. आमच्याकडे त्याची अंमलबजावणी केळ्यांनी होते. सकाळपासून एकेक मंडळ येतं, केळी देतं, फोटो काढतं. निम्म्या लोकांना मधुमेह, पण नको म्हणायची सोय नसते, कारण फोटोत हात पुढे आलेला दिसावा लागतो. पुढचा आठवडाभर आम्ही कर्मचारी शिकरण खातो.

मग येतो नोव्हेंबर, हयातीच्या दाखल्याचा महिना. २०१४ पासून 'जीवन प्रमाण'मुळे हे काम जागेवर बसून होतं. मात्र आयुष्यभर नोटा मोजून आणि भांडी घासून आजींच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्र अंगठा घेईना. यंत्राच्या लेखी आजी हयात नव्हत्या. आजी खूश! इतक्या वर्षांनी कुणीतरी नियमावर बोट ठेवणारं भेटलं.

शेवटी मी मोबाईलवर चेहऱ्याची पडताळणी लावली. पडद्यावर सूचना आली : डोळे मिचकावा.

"नको," आजी म्हणाल्या. "उभ्या जन्मात परक्या माणसासमोर डोळा मिचकावला नाही."

"आजी, दोन्ही मिचकवायचेत. एक नाही."

यावर त्यांनी विचार केला. "दोन्ही चालतील," असा निर्णय दिला आणि अशा ऐटीत पापण्या मिटून उघडल्या की ॲपने मुकाट्याने दाखला मंजूर केला. आजींनी त्याची छापील प्रत मागवली, चष्मा लावून खालपासून वरपर्यंत तपासली.

"एकच वर्षाचा आहे हा."

"हो आजी. दर वर्षी करायचा असतो."

"मग पुढच्या नोव्हेंबरात तू इथेच असशील ना? नवा माणूस घेऊन त्याला सगळं पहिल्यापासून शिकवायला मला वेळ नाही."