स्वावलंबनाची सॅक

वार्षिक परीक्षा संपायच्या आत पुण्यातल्या प्रत्येक सुजाण घरात उन्हाळी शिबिराचं पत्रक येऊन थडकतं. त्यावर एक डोंगर, एक तलाव, दोरीला लटकलेलं एक हसरं मूल आणि खाली तीन आश्वासनं: निसर्गाशी मैत्री, मोबाईलपासून मुक्ती आणि स्वावलंबन. पैकी निसर्ग पानशेतच्या बाजूला आयताच उपलब्ध आहे. मोबाईल बसमध्ये पाय ठेवतानाच काढून घेतात. उरलं स्वावलंबन. ते मात्र घरच्यांनीच तयार करून, घड्या घालून, सॅकमध्ये भरून द्यायचं असतं.

आमच्याकडे चिरंजीवांच्या स्वावलंबनाची तयारी जोरात सुरू झाली, तेव्हा चिरंजीव सोफ्यावर आडवे होते. "तुझे मोजे कुठे आहेत?" असं त्यांना विचारलं की ते आईकडे बघत, आणि आई कपाटाकडे धावे.

'सोबत आणावयाच्या वस्तूं'ची यादी दोन पानांची होती. आमचे एक काका तरुणपणी सेवा दलाच्या शिबिरांना जात. त्यांची यादी त्यांना अजून तोंडपाठ आहे: सतरंजी, पांघरूण, ताट-वाटी, तांब्या. संपलं. आमच्या यादीत डोक्याला बांधायची विजेरी, घाम शोषणारे टी-शर्ट, झोपायची पिशवी, दुर्बीण, ट्रेकिंगचे बूट आणि 'ऐच्छिक' या मथळ्याखाली आणखी नऊ वस्तू होत्या. ऐच्छिक म्हणजे बाकी सगळी मुलं आणणार. शेवटी ठळक अक्षरांत तळटीप: 'किमती वस्तू आणू नयेत, हरवल्यास आयोजक जबाबदार नाहीत.' यादीबरहुकूम खरेदी केल्यावर सॅकमध्ये किमती नसलेली एकच वस्तू उरली. नॅपकिन.

खरी मौज पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर होती. बेडन-पॉवेलसाहेबांनी 1907 साली ब्राउनसी बेटावर सुमारे वीस पोरं नेऊन तंबू ठोकले, त्यातून पुढे जगभर स्काउट चळवळ पसरली. ती पसरली याचं एक कारण माझ्या मते असं, की त्या वीस पोरांच्या आयांचा गट नव्हता. आमच्या गटावर पहिला प्रश्न पडला तो सनस्क्रीनचा. 30 आकडा असलेलं लावायचं की 50? एका डॉक्टर पालकांनी शांतपणे सांगितलं, की 30 वालं उन्हातले अपायकारक किरण साधारण 97 टक्के अडवतं आणि 50 वालं 98 टक्के. झालं! त्या एका टक्क्यासाठी संध्याकाळपर्यंत आमच्या भागातल्या औषधांच्या दुकानांतून 50 आकडा नाहीसा झाला.

मग साप निघाला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस चालते, हे ज्ञान कुणीतरी गटावर टाकलं. त्यावर एका बाबांनी आयोजकांना विनम्र विचारणा केली, की शिबिराच्या आवारात या चौघांखेरीज दुसरं कुणी येणार नाही याची खात्री देता येईल का. आयोजकांनी फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ 'हो' असा घ्यायचा की 'देव बघून घेईल' असा, यावर गटात अजून दुमत आहे.

ओआरएसचं प्रकरण तर मी स्वतः हाताळलं, म्हणून जरा विस्तारानं सांगतो. पाकिटावर स्वच्छ लिहिलेलं असतं की संपूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवावं. चिरंजीवांच्या बाटलीत पाऊण लिटर मावतं. म्हणजे क्षार जास्त होणार. अर्धं पाकीट टाकायचं तर दहा वर्षांचं मूल डोंगरावर, उन्हात, अर्धं मोजणार कसं? बायको म्हणाली, एक लिटरची वेगळी बाटली घ्या. घेतली. ती भरल्यावर सॅक एका किलोनं वाढली. मग आईनं (माझ्या) सुचवलं, की सहा चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ घरूनच पुड्या बांधून देते, पाकिटांचं खूळ कशाला? पुड्या झाल्या. पाकिटंही राहिली. दोन्ही बाटल्याही राहिल्या. चिरंजीवांना ओआरएसची चव आवडत नाही, हे शेवटच्या दिवशी कळलं.

'घरचे खाद्यपदार्थ देऊ नयेत' अशी सक्त सूचना होती. ती आमच्या मातोश्रींनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि बेसनाचे लाडू मोज्यांच्या जोडीत एकेक असे बसवले. चिवडा पावसाळी जॅकेटच्या खिशात गेला. मेतकुटाच्या डबीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'पायाची पावडर' असं लिहिलं. सीमाशुल्क खात्यानं या बाईंना वेळीच हेरलं असतं तर दोन्ही बाजूंचा फायदा झाला असता.

बायकोची शिस्त वेगळी. तिनं प्रत्येक दिवसाचे कपडे वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले आणि वर चिठ्ठ्या लावल्या: 'सोमवार सकाळ', 'सोमवार चिखलानंतर', 'मंगळवार (पाऊस आल्यास)'. एप्रिलात पानशेतला पाऊस? "वळवाचा काय भरवसा?" ती म्हणाली. प्रत्येक कपड्यावर मार्करनं नाव घातलं. आतल्या कपड्यांवर आडनावासकट.

शेवटी सॅक न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर चढली. अकरा किलो. चिरंजीव स्वतः एकतीस. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणाप्रमाणे मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त ओझं नको. पण ते धोरण शिक्षणाच्या ओझ्याबद्दल आहे, स्वावलंबनाला त्यात मर्यादा घातलेली नाही. चिरंजीवांनी सॅक पाठीला लावली आणि ते सावकाश मागं जाऊन गादीवर उताणे पडले. हातपाय हवेत. सगळ्यांनी मिळून उभं केलं.

बस सकाळी सहाला सुटली. बसच्या पोटात सॅका चढवायला बाबालोक रांगेत, खिडक्यांशी आयांची झुंबड, आणि आत पोरं केव्हाच एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. हात हलवणाऱ्या आईकडे बघायला कुणाला सवड नव्हती. हे गटावर कुणीच लिहिलं नाही.

पहिल्या संध्याकाळी फोटो आले. दोन बोटांनी ते मोठे करकरून पाहण्यात रात्र गेली. "टोपी नाहीये." "बारीक दिसतोय." "हा टी-शर्ट आपला नाही!" दुसऱ्या दिवशी फोटो आलेच नाहीत. शिबिराच्या ताईंचा निरोप आला, वीज गेली आहे, मुलं मजेत आहेत. 'मजेत' हा शब्द वाचताच गटावर भयाण शांतता पसरली.

मग कुणालातरी सुचलं, की खडकवासल्याच्या पुढं पिठलं-भाकरी फार छान मिळते. सहजच. सिंहगड रस्त्यावर एरवी गाड्या अडकलेल्या असतात, त्या दिवशी त्यात आमच्या गटाच्या सात होत्या. डोणजे फाट्याला कुणीच थांबलं नाही, पिठल्याचं नावही निघालं नाही. शिबिराच्या फाटकाशी ताईंनी सगळ्यांना अडवलं. "आत्ता भेटता यायचं नाही. मुलं जेवणानंतरची आपापली भांडी घासतायत."

"भांडी? आमचा?" बायकोचा आवाज चिरकला. दुर्बीण चिरंजीवांच्या सॅकमध्ये होती, म्हणून एका आजोबांनी आणलेली दुर्बीण हातोहात फिरू लागली. नळाच्या रांगेत खरंच आमचे चिरंजीव उकिडवे बसून ताट घासत होते. शेजारच्या पोराला काहीतरी शिकवतही होते.

बायकोनं दुर्बीण खाली घेतली, पर्स उघडली आणि ताईंच्या हातात एक बाटली ठेवली. "त्याला हा साबण द्याल? दुसऱ्यानं हाताला पुरळ येतं."