अभिप्रायवीर

ऑनलाइन मल्टिप्लेअर गेमची कथा अपडेटमागून अपडेट अशी थोडीथोडी पुढे सरकते, आणि प्रत्येक अपडेटनंतर तीत काय बिघडले हे कंपनीला सविस्तर लिहून कळवणारा एक खेळाडू असतो. हाच अभिप्रायवीर. राक्षस मारणे, लूट गोळा करणे, पडलेल्या सवंगड्याला उठवणे ही कामे तोही चारचौघांसारखी करतो. मात्र ती करताना त्याचे निम्मे लक्ष रात्री काय लिहायचे याकडे असते. कंपनीने मागितला तर तो अभिप्राय देतो. मागितला नाही, तर का मागितला नाही यावर देतो.

या माणसाची जडणघडण पाहायची तर ‘गिल्ड वॉर्स २’ हा गेम घ्यावा. अमेरिकेतल्या अरीनानेट कंपनीने तो ऑगस्ट २०१२मध्ये आणला. तेव्हा गेम एकदाच विकत घ्यावा लागे, मासिक वर्गणी नव्हती. वर्गणी नसली की तक्रारीचा हक्कही कमी होतो, हे अभिप्रायवीराला मान्य नाही. त्याची गुंतवणूक तासांत मोजलेली असते. त्याच्या अभिप्रायाचे पहिले वाक्य ‘मी पहिल्या दिवसापासून खेळतोय’ हे असते आणि दुसऱ्यात एकूण तासांचा आकडा येतो. हा आकडा घरच्यांच्या नजरेस पडू नये, एवढी काळजी तो घेतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘द लॉस्ट शोअर्स’ हा प्रसंग झाला. समुद्रातून कारका नावाचे चिलखती, खेकड्यासारखे प्राणी आले. त्यांच्याशी निकराची लढाई ठरल्या वेळी, एकदाच व्हायची होती. चुकली ती चुकली. वेळ होती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची रविवारची दुपार, म्हणजे पुण्यातल्या खेळाडूने सोमवारच्या ऑफिसवर पाणी सोडून मध्यरात्रीनंतर जागायचे. जमलेल्या गर्दीपुढे सर्व्हरनी मान टाकली. ज्यांना येता आले नाही त्यांनी अन्याय झाल्याचे कळवले. जे आले पण मध्येच बाहेर फेकले गेले त्यांनी तेच जरा कडक शब्दांत कळवले. ज्यांना शेवटपर्यंत टिकून बक्षिसाची पेटीही मिळाली, त्यांनी लढाई फार लांबल्याची नोंद केली.

जानेवारी २०१३मध्ये ‘लिव्हिंग वर्ल्ड’ ही चालती कथा सुरू झाली, ती रस्त्यावरचे मोडके दिशाफलक दुरुस्त करण्यापासून. निर्वासित येऊ लागले आहेत, संकट अजून दूर आहे, त्याची नुसती चाहूल लागावी, असा लेखकांचा बेत. अभिप्रायवीराने तोवर झायटन नावाचा पुरातन ड्रॅगन लोळवलेला होता. त्याच्या हाती फलकाची डागडुजी देऊन थेट पीडब्ल्यूडीत बदली केल्याचे त्याला झोंबले. कथा रेंगाळते, असे त्याने लिहिले. पुढे त्याच वर्षी दर दोन आठवड्यांनी नवा भाग येऊ लागला, तेव्हा नोकरीधंदा सांभाळणाऱ्याला हे झेपत नाही, असे लिहिले. दोन्ही अभिप्राय एकाच माणसाचे होते आणि दोन्ही बरोबर होते. कारण नवा भाग आला की जुना गेममधून नाहीसा व्हायचा. घरात लग्नकार्य निघाले तरी खेळाडूच्या इतिहासात भोक पडे.

कथा कुठे जावी हे ठरवण्याचा अधिकार या माणसाच्या हाती दिला तर काय होते, हा प्रयोगही झाला. लायन्स आर्च या बंदरशहराच्या कॅप्टन्स कौन्सिलमधल्या एका सदस्याचा खून झाला आणि जुलै २०१३मध्ये रिकाम्या जागेची पोटनिवडणूक लागली. मतदार अर्थात खेळाडू. एका बाजूला शहराच्या रक्षकदलातली एलन कील, दुसऱ्या बाजूला ब्लॅक लायन ट्रेडिंग कंपनीचा मालक एव्हॉन नॅशब्लेड, अंगाने धिप्पाड, डोक्याला शिंगे. खेळून टोकन मिळवायची आणि टोकन म्हणजे मत, असा नियम होता. त्यामुळे एकट्याने शंभर वेळा मतदान केले तरी त्याला बोगस म्हणायची सोय नव्हती, उलट कौतुकच होई. आश्वासने रीतसर होती. कील प्रवासखर्च कमी करणार होती, नॅशब्लेड पेट्यांच्या किल्ल्या स्वस्त करणार होता. आता नॅशब्लेडची कंपनी म्हणजेच गेममधले खऱ्या पैशांचे दुकान. एरवी त्या दुकानाच्या नावाने बोटे मोडणारे कितीतरी जण त्याच्याच मालकाचा प्रचार करू लागले. खरी मेख वेगळीच होती. भूतकाळातला कोणता प्रसंग खेळायला मिळणार, हे निकालावर ठरणार होते: कील आली तर थॉमानोव्हा रिअ‍ॅक्टरचा स्फोट, नॅशब्लेड आला तर अ‍ॅबॅडन या देवाचा पाडाव. पहिल्या ‘गिल्ड वॉर्स’पासूनचे निष्ठावंत अ‍ॅबॅडनसाठी जीव टाकत होते.

कील निवडून आली, स्फोट झाला, आणि पराभूत गटाने निकाल काही मानला नाही. पुढे कित्येक वर्षे कील पडद्यावर दिसली की त्यांच्या कपाळावर आठी चढे. शस्त्राच्या रंगाबद्दल लिहिलेल्या अभिप्रायातही शेवटी ‘ता. क. अ‍ॅबॅडनचे काय झाले?’ हे असेच.

२०१३च्याच ऑगस्टमध्ये स्कार्लेट ब्रायर अवतरली. झाडापासून जन्मणाऱ्या सिल्व्हारी वंशातली, आणि असुरा या बुटक्या पंडितांच्या तिन्ही विद्यालयांत शिकलेली. चाच्यांची टोळी, यांत्रिक सैन्य, विषारी मनोरा, सगळ्यांमागे तीच निघू लागली. एकाच व्यक्तीला एवढे कसे येते, असा जाब अभिप्रायवीराने विचारला. त्याचे स्वतःचे पात्र तेव्हा तलवार, मंत्रविद्या, सोनारकाम आणि स्वयंपाकात सारखेच पारंगत होते. फेब्रुवारी २०१४मध्ये स्कार्लेटने लायन्स आर्च जमीनदोस्त केले, मार्चमध्ये खेळाडूंनी तिला संपवले. मग मॉर्ड्रेमॉथ हा अजस्र ड्रॅगन खलनायक म्हणून आला, तर ‘याला स्कार्लेटची सर नाही’. शहराचेही तेच. जुन्या लायन्स आर्चमध्ये तो बँकेपलीकडे फारसा कुठे गेलेला नव्हता. जून २०१५मध्ये नवे शहर उभे राहिले तेव्हा मात्र जुन्या गल्लीबोळांच्या आठवणीने त्याचा गळा दाटून आला.

त्याच्या लेखनातला सर्वांत वाचनीय भाग ‘काय करायला हवे होते’ या मथळ्याखाली येतो. तिथे तो पर्यायी कथाच लिहून देतो. तीत एक दुर्लक्षित वीर असतो, लेखकांनी आजवर त्याला न्याय दिलेला नसतो, आणि त्याचे वर्णन अभिप्रायवीराच्या पात्राशी चिलखताच्या छटेपर्यंत जुळते. गेम बनवणारे हे सगळे वाचतात. अनुभवी लेखक त्यातला उपाय बाजूला ठेवतो आणि दुखणे तेवढे टिपून घेतो, कारण दुखते कुठे हे खेळाडूला अचूक कळते. औषध कोणते हे क्वचितच कळते.

नाहीशा होणाऱ्या भागांचे दुखणे असेच खरे होते. जुलै २०१४मध्ये आलेले ‘लिव्हिंग वर्ल्ड’चे दुसरे पर्व कधीही उघडून खेळता येईल असे साठवलेले होते. पहिले पर्व मात्र २०२२पर्यंत अडकून राहिले. त्या वर्षी ते ५ भागांत परत आले. अभिप्रायवीराने आभार मानले, एका ओळीत. उरलेल्या दीड पानात त्याने पोटनिवडणुकीचे मतदान का गाळले असा खुलासा मागितला होता आणि फेरमतदान झाल्यास अ‍ॅबॅडन किती मतांनी येईल, याचा तक्ता जोडला होता.