ढाप्यांचं रुखवत

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे ढापे गेले की बातमी ठरलेली: ‘अज्ञात चोरट्यांनी लंपास केले.’ ढापे ढापले जाणारच, नावातच आहे, ते सोडून देऊ. घोडं अडतं ते ‘अज्ञात’पाशी. ढापा म्हणजे कानातलं डूल नव्हे. नदीचं पाणी अडवायला बंधाऱ्यात बसवायचा जाड लोखंडी पत्रा, उचलायला दोन धडधाकट गडी, न्यायला टेम्पो, आणि अंगावर ऑइलपेंटनं रंगवलेला क्रमांक. तो घरात कशाला लागत नाही, शेजाऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, भंगारवाला. चोर असेल अज्ञात. गिऱ्हाइकाच्या दुकानावर मात्र भली मोठी पाटी असते, मोबाइल नंबरासकट.

माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आता काट्यावर ढापा चढलाय आणि भंगारवाल्याला काही म्हणजे काही कारण दिसत नाही. त्याला वाटत असणार, घरचाच आहे. आणणाऱ्याच्या आजीच्या रुखवतात आला असेल. पाच भांडी, दोन लोड आणि एक ढापा. किंवा वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्यानं जमीन घेतली आणि धाकट्याच्या पदरात ढापे पडले असतील. अंगावर बेचाळीस आकडा आहे, म्हणजे आधीचे एकेचाळीस माळ्यावर असतील, सणासुदीला काढत असतील. एवढा भाबडा माणूस धंद्यात टिकतो कसा, हेच नवल. तांब्याच्या आणि पितळेच्या भावातला फरक मात्र त्याला झोपेतही पाठ असतो. इकडे पावसाळा सरताना टाकायचे ढापे जाग्यावर नसतात, नदी डोळ्यांदेखत निघून जाते, हरभरा शेवटच्या एका पाण्यावाचून करपतो आणि उन्हाळ्यात त्याच गावात टँकर येतो. अख्ख्या गावाचं पाणी किलोच्या भावानं रोखीत विकलं जातं, आणि आपण पंचनाम्यात ‘अज्ञात’ लिहून मोकळे! लाज कशी वाटत नाही?

रेल्वेच्या लोखंडाला हा भाबडेपणा लागू नाही. १९६६ च्या कायद्यानुसार रेल्वेचा चोरीचा वाटावा असा माल ज्याच्याकडे सापडेल, त्यानंच तो रीतसर आल्याचं सिद्ध करायचं. तिथे आजीचं रुखवत चालत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर चोरांनी चर्चच्या छपरांवरचं शिसंही सोडलं नव्हतं. तिथल्या २०१३ च्या कायद्यानं भंगारवाल्याला परवाना, विकणाऱ्याची ओळख तपासणं आणि त्याची नोंद सक्तीची केली, भंगाराचे पैसे रोख द्यायला बंदी घातली. आपलं सरकारही या काट्यापासून दूर नाही. नोंदणी नसलेल्यानं नोंदणीकृत व्यापाऱ्याला धातूचं भंगार विकलं, तर त्यावरचा जीएसटी ऑक्टोबर २०२४ पासून व्यापाऱ्यानं भरायचा आहे. म्हणजे ढाप्यावर अठरा टक्के किती होतात, हे विचारायची सोय झाली. ढापा कुणाचा, एवढंच राहिलं.

इंग्लंडसारखा नियम इथेही करा म्हटलं, की लगेच कळवळा दाटतो: कचरा वेचणाऱ्या बायांनी कागदपत्रं कुठून आणायची? बाई पोत्यातून डबे-बाटल्या आणते, टेम्पोतून बंधारा नव्हे. किरकोळ वजनाला सूट द्या, घरातली भांडी वगळा, हवं तर बंधन फक्त तांब्याच्या तारा, गटारांची झाकणं, ढापे अशा सार्वजनिक मालापुरतं ठेवा. दुसरा आक्षेप खरा आहे: आणखी एक रजिस्टर म्हणजे आणखी एक हप्ता. म्हणून तर रजिस्टरापेक्षा रोखबंदीवर जोर हवा. पैसे खात्यात गेले की नोंद बँकेतच होते, तिला कुणाची सही लागत नाही. चोर शेजारच्या तालुक्यात जाईल म्हणाल, तर नियम राज्यभर एकच करा.

तोवर रूढ उपाय आहेतच. ढापे काढून कुलपात ठेवायचे. ढापे शाबूत, बंधारा शाबूत, पाणी तेवढं जातं. नाहीतर नव्या ढाप्यांची निविदा काढायची. या खेपेला क्रमांक जरा ठळक रंगवा, रात्रीच्या उजेडात काट्यावरच्या माणसाला चष्मा शोधावा लागतो.