छत्री, छतरी आणि क्षितिज

राजस्थानात 'छतरी' म्हणजे दिवंगत राजाच्या स्मरणार्थ उभारलेला घुमटाकार मंडप, मराठीत 'छत्री' म्हणजे पावसाळ्यात हमखास दुसऱ्याच्या घरी विसरण्याची वस्तू, आणि केबलवाल्यांच्या बोलीत 'छत्री' म्हणजे गच्चीवरची ती भलीमोठी जाळीदार तबकडी, जी आकाशातून येणारे काहीही न अडवता उलट गोळा करते. जयपूरच्या पूर्वेस आग्रा रस्त्यावर असलेल्या कानोता गावी या तिसऱ्या छत्रीचा विचार करताना पहिलीची आठवण वारंवार होते, कारण क्षितिजालगतचा उपग्रह पकडण्याच्या नादात अनेक चांगल्या रविवारांची समाधी बांधली जाते.

भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे एका जागी उभा दिसणारा उपग्रह, विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली ही कल्पना विस्ताराने मांडली आणि १९७५ साली इस्रोच्या अभियंत्यांनी त्यांच्या कोलंबोतील घरी तबकडी आणून बसवून दिली. उरलेल्या मानवजातीला मात्र हे काम शिडी, पाना आणि खाली टीव्हीसमोर बसून 'आलं, आलं, गेलं' असे ओरडणारा एक कुटुंबीय यांच्या बळावर करावे लागते. कानोता साधारण २७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७६ अंश पूर्व रेखांशावर असल्यामुळे तेथून ४ अंश पश्चिमेपासून १५६ अंश पूर्वेपर्यंतच्या उपग्रहांची कमान तत्त्वतः दिसते. तिच्या मध्यावर, ७४ अंश पूर्वेला असलेला उपग्रह क्षितिजापासून ५८ अंश वर असतो आणि तो कोणालाही सापडतो, म्हणूनच खऱ्या शौकिनाला त्यात रस नसतो. त्याचे मन १ अंश पश्चिमेवर जडलेले असते, जेथील उपग्रहाचा उन्नती कोन, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, अवघी ३ अंश भरते. हात लांब करून आडवी धरलेली दोन बोटे जेवढे आकाश झाकतात, जवळपास तेवढीच.

त्या दिशेला, पश्चिमेपासून किंचित दक्षिणेकडे, झालान्याच्या टेकड्या येतात, आणि नवशिका सगळा दोष त्यांच्यावर ढकलतो. तो अन्याय आहे. दोनशे मीटर उंचीची टेकडी दहा किलोमीटरवरून जेमतेम १ अंश आकाश अडवते, तर दहा मीटर उंचीचा कडुनिंब तीस मीटरवरून १८ अंश गिळतो. आणि हा कडुनिंब शेजाऱ्याच्या आवारात असल्यामुळे अंतराळविज्ञानाचा प्रश्न बघता बघता शेजारधर्माचा होतो. मे महिन्यात अख्ख्या राजस्थानात झाडाची सावली पाहून कपाळाला आठ्या घालणारा मनुष्य छत्रीधारकच असावा.

झाडाचा प्रश्न सुटला, तरी बैठकीचा उरतो. अख्खी कमान एकाच मोटरने धुंडाळता यावी म्हणून तबकडी ध्रुवीय बैठकीवर बसवतात, म्हणजे तिच्या फिरण्याचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला जवळजवळ समांतर ठेवतात. जयपूरकरांना हे नवे वाटू नये, कारण सवाई जयसिंहांच्या जंतरमंतरातील सम्राट यंत्र या सूर्यघड्याळाची कललेली भिंत याच न्यायाने २७ अंशांवर उभी आहे. फरक इतकाच की सूर्य फार दूर असल्याने जयसिंहांना या कोनात दुरुस्ती करावी लागली नाही, आणि उपग्रह तुलनेने अगदी दाराशी असल्याने तबकडीला अक्षाच्या काटकोनापासून साडेचार अंश खाली मान घालावी लागते. कमानीच्या टोकांशी हाच आकडा ४ अंशांवर येतो, आणि या अर्ध्या अंशासाठी अक्षाचा कल पुन्हा किंचित बदलावा लागतो. एवढे करून खांब ओळंब्यात नसेल, पूर्वेला अर्धा अंश जरी झुकला असेल, तर मधले सगळे उपग्रह गुण्यागोविंदाने दिसतात आणि एक टोक जमिनीत, दुसरे आभाळात जाते. 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही सबब जिथे शब्दशः खरी ठरते, अशी ही बहुधा एकमेव कला होय.

यानंतरचा शत्रू म्हणजे खुद्द जमीन. ती उबदार असल्यामुळे स्वतःच सूक्ष्म लहरी सोडत असते, आणि तीन मीटरच्या तबकडीची सी-बँड या लहरींच्या पट्ट्यातील नजर सुमारे पावणेदोन अंश रुंद असून तिच्या कडाही रेखीव नसल्यामुळे, ३ अंशांवर रोखलेली तबकडी उपग्रहाबरोबर शेताची कुजबुजही ऐकते. शिवाय इतक्या तिरप्या वाटेवर डोक्यावरच्या तुलनेत पंधरापट हवा आडवी येते आणि किरण वाकवून उपग्रहाला पाव अंश वर उचलून दाखवते. म्हणजे गणित बरोबर आले, तरच उपग्रह हुकतो. उभी तबकडी आँधीला शिडासारखी सामोरी जाते, हे निराळेच. हे सगळे वहीत टिपून ठेवावे लागते, आणि त्याची परंपरा गावाला आहेच: कानोत्याच्या ठाकूर अमरसिंहांनी १८९८ ते १९४२ अशी चव्वेचाळीस वर्षे रोजनिशी लिहिली. छत्रीधारकाची वही तेवढी टिकत नाही, पण एका नटाच्या अर्ध्या फेऱ्याबद्दल तीत चार पाने सहज निघतात.

अखेरचा निवाडा सूर्यच देतो. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धात काही दिवस तो उपग्रहाच्या नेमका मागून जातो आणि त्या क्षणी तबकडीसमोर टांगलेल्या एलएनबीची, म्हणजे लहरी टिपणाऱ्या डबीची, सावली तबकडीच्या मध्यावर यायला हवी. १ अंश पश्चिमेसाठी हा मुहूर्त सूर्यास्ताच्या थोडा आधी येतो. सावली मध्यावर पडते खरी; ती डबीची की कडुनिंबाची, एवढेच शिडीवर चढून पाहायचे उरते.