पोटखराब्यातल्या मंडळींस अनावृत पत्र

सीतेची आसवे, पाणगेंद, दवबिंदू व समस्त ओलेते मंडळ,
मु. रतनगडाचा कातळ, ता. अकोले,
जि. अहिल्यानगर (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं, तुम्हाला कोणी कळवलं नसेल)

स. न. वि. वि.

मी खालचा माणूस. प्रवरेच्या कालव्याच्या टेलवर माझा ऊस उभा आहे. नदी तुमच्या दारात उगम पावते, भंडारदऱ्यात अडते आणि आवर्तन सुटलंच तर माझ्यापर्यंत पोचते. आमच्याकडं पाणी टीएमसीत मोजतात. भंडारदऱ्याचे ११ टीएमसी पानटपरीवरच्या पोरालाही पाठ. जायकवाडीला किती सोडायचं यावरून आम्ही कोर्ट गाठतो. तुम्ही कातळावरची इवली फुलझाडं मात्र घोटाही न बुडणाऱ्या पाण्यावर चार महिन्यांचा संसार थाटता. वर तुमच्यातले काही गेंद म्हणे सह्याद्रीबाहेर जगात कुठंच नाहीत!

असाल. पण नोंद कुठाय? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या २,०१,५०३ पाणथळी जपायला सांगितल्या, पण त्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या. म्हणजे साडेपाच एकर. तुमचं डबकं माझ्या गोठ्याएवढं, तेही ऑक्टोबर हीटमध्ये गायब. भातखाचरात सरकाल, तर नियम त्याला पाणथळ धरतच नाही. १९८६ पासून तुम्ही अभयारण्यात आहात, हे खरं. पण अभयारण्य म्हटलं की आम्ही बिबट्या शोधतो, गुडघे टेकून फुलं नाही. शेजारचं नांदूरमधमेश्वर बघा. बंधारा झाला, गाळ साठला, पक्षी आले आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झालं. तुम्हाला ना पंख, ना गाळ.

बरं, मदत करावी म्हटलं तर तेही चालत नाही. मी सुचवत होतो: कातळावर गाळाची माती पसरू, दोन गोण्या युरिया टाकू, एक शेततळं खोदू, कडेनं झाडं लावू. अभ्यासक म्हणाले, मरतील. मातीत नत्र फारच कमी म्हणूनच तुमच्यातले काही शिकारीवर जगतात. दवबिंदू चिकट केसांवर किडा धरतो, सीतेची आसवे इवल्या पिशवीत सूक्ष्म जीव ओढून घेतात, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागात. खत मिळालं की गवत माजतं आणि तुम्हाला गिळतं. अनुदान नाकारणारा लाभार्थी या जिल्ह्यात मी प्रथमच पाहिला.

जास्त लाडही तुम्हाला सोसत नाहीत. साताऱ्याच्या कासला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, कुंपण घातलं गेलं, गुरांचं चरणं थांबलं. मग गवतच वरचढ झालं आणि कुंपण काढावं लागलं. गुरं हवीत, पण बेताची. पाणी हवं, पण खोल साठलेलं नको. माणसं? ती शनिवार-रविवारी येतात, सपाट ओली जागा बघून तुमच्यावरच तंबू ठोकतात आणि ‘इथं काहीच नव्हतं’ असं सांगत घरी जातात.

तरी माझा सल्ला ऐका. सातबारावर पोटखराबाच राहा. तिथं कोणी नांगर घालत नाही, कर्ज काढत नाही, वाटणीसाठी भावाशी भांडत नाही.

कळावे, लोभ असावा. पाणी मात्र खाली सोडत जा.

आपला,
टेलवरचा एक बागायतदार

ता. क. वरचा सल्ला मागे घेतो. अभयारण्याच्या हद्दीबाहेर एका पोटखराब्यावर परवा मुरमाचे ट्रक रिकामे होताना पाहिले. पाटीवर लिहिलं होतं, ‘निसर्गाच्या कुशीत, लेक व्ह्यू’.