ठोकळेबाज

पन्नाशीकडे झुकलेला, घरकर्जाचे हप्ते वेळेवर भरणारा, ऑफिसात चारचौघांच्या रजेच्या अर्जांवर सही करणारा माणूस रात्री साडेअकराला टेबलाखाली ओणवा होऊन चाचपडताना दिसला, तर त्याचा चष्मा पडलाय असं समजू नये. चष्मा नाकावरच असतो. पडलेला असतो तो आठ मिलिमीटर लांब, तितकाच रुंद, फिकट हिरवा ठोकळा. तसले आणखी दोनशे डब्यात आहेत. पण हा जो पडलाय तो पडलाय, आणि तो मिळेपर्यंत याला झोप नाही. मिळतो तो बहुधा बायकोला. पहाटे, अनवाणी पायाला.

हा लेगोवाला.

सिअॅटल, मेलबर्न, ओसाका, हँबर्ग, कुठेही तो आढळतो. पण त्याची पंढरी एकच, डेन्मार्कमधलं बिलुंड. तिथल्या ओले कर्क क्रिस्चनसेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली आणि पुढे त्याच्या मुलाने, गॉटफ्रेडने, पोटात नळ्या असलेल्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. कधी? २८ जानेवारी १९५८, दुपारी १ वाजून ५८ मिनिटांनी. लग्नाचा वाढदिवस विसरणाऱ्या या गृहस्थाला ही तारीख मिनिटासकट पाठ असते. जन्मवेळ इतकी चोख ठाऊक असल्यावर ठोकळ्याची पत्रिकाही मांडता येईल. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर टक्कन बसतो, हे तो आल्यागेल्याला प्रात्यक्षिकासह दाखवतो. आल्यागेल्याने खरं तर कॉफी मागितलेली असते.

कॉफी येईपर्यंत एक कोडंही होऊन जातं. वर आठ उंचवटे असलेले, एकाच रंगाचे, फक्त सहा ठोकळे घ्या. ते किती तऱ्हांनी जोडता येतील? पाहुणा भीतभीत 'हजारेक?' म्हणतो. उत्तर आहे ९१,५१,०३,७६५. लेगो कंपनी पूर्वी १०,२९,८१,५०० सांगायची, पण ते फक्त सहा मजली मनोऱ्यांचं गणित होतं. कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांनी संगणक कामाला लावून खरा आकडा काढला. एवढं सांगताना आपला माणूस असा फुलतो, की जणू मोजायला आयलर्सच्या शेजारी हाच बसला होता.

अशा माणसाच्या आयुष्याचे तीन भाग पडतात. पहिला लहानपणचा, तो सगळ्यांचाच असतो. दुसऱ्याला ही मंडळी 'अंधारयुग' म्हणतात: तेरा-चौदाव्या वर्षी मिसरूड फुटतं, लाज वाटू लागते, आणि आई तो ठोकळ्यांचा डबा धाकट्या भाच्याला देऊन टाकते. (त्या भाच्याशी याचं आजही फारसं बरं नाही.) तिसरा भाग तिशीच्या आसपास सुरू होतो. निमित्त कुणाचं स्वतःचं मूल, तर कुणाचं १९९९ साली बाजारात आलेलं स्टार वॉर्सचं खोकं. मुलासाठी आणलेला संच पहिल्याच रात्री बापाने पुरा केला आणि सकाळी 'तू आधी दात घास' म्हणून मुलाला पिटाळलं, इथून पुढे परतीची वाट नसते. कंपनीनेही हे ओळखलंय. एकेकाळी खोक्यांवर '४ ते ९९' असं वय छापलेलं असे. २०२० पासून काळ्या रंगाच्या भारदस्त खोक्यांवर '१८+' येऊ लागलं. आता खेळणं घेतल्याची लाज वाटायला नको, दारू घेतल्यासारखं वाटतं.

पण संच जोडणारा आणि आपला माणूस यांत फरक आहे, आणि तो तुम्ही विसरलात तर तो दुखावतो. सूचनापुस्तिका उघडून पान एक, पान दोन करत जाणं हे त्याच्या लेखी रंगवायच्या पुस्तकात रंग भरणं. तो करतो ती 'मॉक', म्हणजे स्वतःच्या डोक्यातून उतरलेली वस्तू. संच तो विकत घेतो ते फोडण्यासाठी. गडद लाल रंगाची एक विशिष्ट खिडकी हवी म्हणून एकाच घराचे चार संच आणणारा माणूस तुमच्या शेजारी राहत असू शकतो. उरलेल्या घराचं काय, हा प्रश्न फक्त बायकोला पडतो.

मग ते सगळं निवडून ठेवायचं. नवशिका रंगाप्रमाणे डबे लावतो. दिसायला सुरेख, आणि काळ्या डब्यात काळा बिजागरीचा तुकडा शोधताना तो अर्धी रात्र घालवतो तेव्हा चूक कळते, कारण काळ्या ढिगात सगळेच काळे. आकाराप्रमाणे लावलं तर लाल बिजागऱ्यांत काळी लगेच उठून दिसते. हे कळलं की सगळे डबे पुन्हा उपडे करायचे. पुढे आकार, आकारात रंग, रंगात नवे-जुने, अशी चढती भाजणी. ठोकळे सोडवायला नारिंगी रंगाचं एक चपटं हत्यार असतं, पण पिढ्यान्पिढ्या हे काम दातांनी झालेलं आहे. त्यामुळे जुन्या ठोकळ्यांच्या बाजारात 'दातांच्या खुणा नाहीत' ही मालाची मोठी तारीफ समजतात.

खरी गंमत याच्या सोवळ्याची. गोंद निषिद्ध. कापणं निषिद्ध. रंगवणं निषिद्ध. ठोकळा कारखान्यातून जसा आला तसाच लागला पाहिजे, नाहीतर ती वस्तू बाटली. एवढ्यावर भागत नाही. न कापता, न चिकटवताही ठोकळा नको तिथे दाबून बसवला आणि त्यावर ताण आला, तर ते 'बेकायदा' बांधकाम! कायदा कुणी केला? जेमी बेरार्ड नावाच्या हौशी अमेरिकन माणसाला कंपनीने नोकरीवर घेतलं. त्याने कुठली जोडणी चालेल आणि कुठली नाही यावर एक सचित्र व्याख्यान तयार केलं, आणि तेव्हापासून ही मंडळी एकमेकांच्या भिंती नगरपालिकेच्या इन्स्पेक्टरसारख्या तपासत फिरतात. २००७ साली त्याच बेरार्डने मोठ्यांसाठी 'कॅफे कॉर्नर' ही इमारत काढली, तेव्हा ती तर यांनी मिलिमीटर-मिलिमीटरने तपासली असणार.

गोची अशी, की खुद्द कंपनीचं नाव मिरवणाऱ्या लेगोलँड उद्यानांतल्या प्रतिकृती गोंदाने चिकटवलेल्या असतात. उन्हापावसात उभ्या राहायच्या, पोरं लटकणार, इलाज नाही. नेथन सवाया हा न्यूयॉर्कचा वकील. वकिली सोडून शिल्पकार झाला. छाती दोन्ही हातांनी उघडून आतले पिवळे ठोकळे सांडणारा त्याचा पिवळा माणूस जगभर गाजला. तोही चिकटवतो. सवायाचं नाव निघालं की आपला माणूस आदराने मान डोलावतो, क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "हो, पण गोंद..." २०१४ च्या 'द लेगो मूव्ही'त खलनायकाचं महाभयंकर अस्त्र गोंदाची ट्यूब आहे. थिएटरात लहान मुलं तिथे हसली. मागच्या रांगेतल्या काही बापांना ते दृश्य जड गेलं असावं, कारण त्या सिनेमातला बापही मुलाला तळघरातल्या शहराला हात लावू देत नाही.

या सोवळ्यामुळेच याचं डोकं चालतं, हे मात्र मानावं लागेल. हातात सुरी असती तर त्याने हवा तो तुकडा कापून घेतला असता. ती नाही, म्हणून तो मोजत बसतो. उंचवट्यापासून उंचवट्याचं अंतर ८ मिलिमीटर. जाड ठोकळ्याची उंची ९.६, पातळ पट्टीची ३.२, म्हणजे तीन पट्ट्यांचा एक ठोकळा. आता पाच पट्ट्या एकावर एक रचा: १६ मिलिमीटर. दोन उंचवट्यांची रुंदी: तीही १६! म्हणजे ठोकळा आडवा करून बसवला तरी फट न राहता चपखल बसतो. या पाचास दोनच्या सूत्रावर ही सगळी कारागिरी उभी आहे. उंचवटे बाजूला वळवायचे, खाली वळवायचे, लपवायचे, की बघणाऱ्याला दगडी कमान दिसावी आणि ठोकळा कुठेच दिसू नये. ठोकळ्यांतच सगळं करायचं आणि ठोकळा दिसू द्यायचा नाही, या हट्टापायी माणसं वर्षवर्ष घालवतात.

दुसरं कसब म्हणजे एका वस्तूत दुसरी बघणं. दारावरच्या नक्षीसाठी हा क्रोसाँ पावाच्या आकाराचे पांढरे तुकडे वापरतो. कंपनीने २०२१ मध्ये बोन्साय झाडाचा संच काढला. त्याचा गुलाबी बहर जवळून पाहिला तर ते शंभर गुलाबी बेडूक आहेत. सामान्य गिऱ्हाइकाला तिथे शिसारी येते. आपल्या माणसाला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, कारण हा उद्योग तो कितीतरी वर्षं करत आलाय आणि बेडकाच्या त्या साच्याची चारही पावलं त्याला पाठ आहेत. ही नजर पुढे घरभर पसरते. डेंटिस्टच्या खुर्चीत आ करून पडलेला असतानाही तो वरच्या दिव्याकडे बघून मनात म्हणत असतो: रडारची थाळी, दोन बिजागऱ्या, एक पारदर्शक चकती.

आणि या उद्योगातून जे निघतं ते थट्टेवारी नेण्यासारखं नाही. जपानच्या जुंपेई मित्सुई यांनी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट सुमारे ५०,००० ठोकळ्यांत उभी केली. ४०० तास लागले, आणि लाटा कशा फुटतात याचे व्हिडिओ आणि शोधनिबंध त्यांनी आधी पालथे घातले. न्यू जर्सीचे माइक डॉयल पडकी व्हिक्टोरियन घरं बांधतात. उखडलेला रंग, वाकलेले वासे, मोडके कठडे, सगळं ठोकळ्यांत; नवंकोरं प्लॅस्टिक वापरून वाळवी लागल्यासारखं दाखवायला केवढी चिकाटी लागत असेल! त्यांचं परग्रहावरचं एक शहर दोन लाखांहून जास्त ठोकळ्यांचं आहे. सिअॅटलच्या अॅलिस फिंच यांचं हॅरी पॉटरच्या गोष्टीतलं हॉगवर्ट्स सुमारे चार लाखांचं, आत वर्ग, जिने, जेवणाचं दालन, सगळं. (तेव्हा हा रोग फक्त पुरुषांना जडतो या समजात राहू नये.) कॅनडाच्या जेसन अॅलमन यांनी ग्रीक पुराणातला सिसिफस केलाय: दांडा फिरवला की तो बिचारा खरोखर धोंडा ढकलत राहतो. तो बघताना आपल्या माणसाचे डोळे पाणावतात, गुडघ्यांकडच्या यंत्ररचनेमुळे.

इतका शांत माणूस चिडतो कधी? २००४ च्या सुमाराची गोष्ट काढून बघा. कंपनीने राखाडी रंग बदलला. बदलला म्हणजे काय, तर त्यात किंचित निळसर झाक आणली. तुम्हाआम्हाला उजेडात धरूनही कळलं नसतं. इथे मात्र हाहाकार उडाला. ज्यांनी पंचवीस वर्षं एका राखाडीत किल्ले बांधले, त्यांचा दक्षिण बुरूज आता वेगळा दिसणार होता. कंपनी त्या वर्षी प्रचंड तोट्यात होती, बुडते की तरते अशी वेळ होती. पण या गृहस्थांच्या मते खरं संकट राखाडीचंच. आजही जुन्या आणि नव्या राखाडीचे डबे त्याच्या घरी वेगळे असतात.

पैशाचा विषय तो टाळतो. टाळता आला नाही तर तुकड्यामागे दहा सेंट हा अमेरिकेतला जुना भाव सांगून 'तसं स्वस्तच पडलं' म्हणतो. गुंतवणूक म्हणूनही समर्थन करतो, पण जपून. २००८ साली ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल निघाला, पुढे बंद झाला, आणि जुन्या खोक्यांना सोन्याचा भाव आला. काहींनी सील न फोडता माळ्यावर ठेवली. २०१७ मध्ये कंपनीने तोच ताजमहाल पुन्हा काढला, एक तुकडा जास्त घालून. माळ्यावरचे शहाजहान त्या दिवशी जेवले नसतील.

घरातली लहान मुलं ठोकळे गिळतील या काळजीवर मात्र त्याच्याकडे छापील उत्तर असतं. बालरुग्णालयांत काम करणाऱ्या सहा जणांनी लेगोच्या बाहुल्याचं एकेक डोकं स्वतः गिळून ते कधी बाहेर पडतं याची नोंद ठेवली. सरासरी १.७१ दिवस. २०१८ साली हे एका वैद्यकीय नियतकालिकात रीतसर छापून आलंय. सहांतल्या एकाचं डोकं सापडलंच नाही. आपला माणूस त्यावर हळहळतो, आणि लगेच विचारतो, कुठल्या मालिकेतलं होतं?

वर्षातून एकदा प्रदर्शन असतं. महिनाभर आधी बाल्कनीत हायड्रोजन पेरॉक्साइडची बरणी उन्हात ठेवलेली दिसते; पिवळे पडलेले जुने पांढरे ठोकळे त्यात उजळत असतात. मग गाडीच्या मागच्या सीटवर किल्ला पट्टा लावून बसतो आणि मुलं बसने येतात. वाटेत एक बुरूज ढासळतोच. तिथे पोचल्यावर हा गुडघे टेकून तो पुन्हा उभारतो आणि दोरीमागे खुर्ची टाकून बसतो.

लोक येतात. प्रश्न ठरलेले असतात. "किती ठोकळे लागले?" हा पहिला. तो आकडा तयार ठेवतो, मोजलेला नसला तरी. "किती दिवस लागले?" इथे तो बायको आसपास आहे का बघून उत्तर देतो. "चिकटवलाय ना?" यावर तो मोठा श्वास घेतो. "हा संच कुठे मिळतो हो?" इथे मात्र त्याचा चेहरा पाहवत नाही. आठ महिने राबून उभारलेली वस्तू खोक्यातून निघाली असं समजणं! बोलत काही नाही. फक्त 'हात लावू नका' ही पाटी थोडी सरळ करतो.

आणि कधीतरी एखादं सातेक वर्षांचं पोर दोरीला पोट टेकून बराच वेळ बघत राहतं, मग बोट दाखवून म्हणतं, "काका, त्या बुरुजाच्या तिसऱ्या ओळीत एक राखाडी जुना आहे." बापाच्या डब्यात वाढलेलं पोर असावं. आई ओशाळते, 'असं बोलू नये' म्हणून त्याला मागे खेचायला जाते. काका चष्मा पुसतात, वाकून तिसरी ओळ बघतात, पुन्हा बघतात. मग दोरी उचलून पोराला आत घेतात, आपली खुर्ची त्याला देतात आणि विचारतात, "तू रंगाप्रमाणे लावतोस की आकाराप्रमाणे?" आईवडिलांनी बाहेरच थांबायचं असतं.